सोयीचा झेंडा

एप्रिलची दहा तारीख, आणि डुलुथच्या बंदरात अजून बर्फाचे पापुद्रे.
आईनं लोकांच्या टॅक्सच्या फाइली
टेबलाच्या कडेला सारल्या, माझ्यासाठी जागा केली
दोन पत्रांपुरती.

एक वॉशिंग्टनहून, जाड कागदाचं.
हात फिरवला तर शिक्का बोटाला लागतो.
दुसरं साधं, घडी जरा तिरकी,
मिनियापोलिसचं, इथून अडीच तासांवरचं.

आई दर वसंतात दुसऱ्यांच्या आयुष्यांची बेरीज करते.
तिनं कानामागची पेन्सिल काढली.
फी, भाडं, विमा, "आणि जेवशील ना तू?"
वजा शिष्यवृत्ती.
उरले शहाण्णव हजार.
आकड्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या,
बुडालेल्या दुकानांच्या हिशेबाखाली ओढते तशा.
दुसऱ्या पत्राखाली उरलं शून्य,
वर महिन्याला अकराशे, पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासण्याचे.
शून्याखाली रेघ ओढायची राहून गेली.

प्राध्यापक एकेलुंड फोनवर म्हणाले,
"वर्गात काय शिकवतील ते सोड, आयली,
शेजारी कोण बसेल ते बघ."
बघितलं.
कुणाचा मामा राजदूत, कुणाचं बालपण तीन राजधान्यांत,
आणि मी, जिनं परदेश पाहिला तो दुर्बिणीतून.

हो, दुर्बिणीतूनच. आठ वर्षांची असेन.
समुद्र कुठल्या कुठे, तरी मोठाली जहाजं यायची
आमच्या गोड्या पाण्यात, गहू भरायला.
बाबा गोदीवर; मी उचलपुलाच्या कठड्यापाशी
वहीत झेंडे काढत बसायची:
लायबेरिया, सायप्रस, मार्शल बेटं.
वाटायचं, केवढे मोठे असतील हे देश,
इतकी जहाजं ज्यांची!

बाबा साडेदहाला आले. बूटही काढले नाहीत.
ओठ हलवत दोन्ही पत्रं वाचली.
"त्या लायबेरियाच्या बोटींवर," म्हणाले, "तीस वर्षांत
लायबेरियाचा एक माणूस मला दिसला नाही.
मालक ग्रीक, खलाशी फिलिपिनो, गहू डकोटाचा.
झेंडा? जिथं नोंदणी स्वस्त, तिथला."

"म्हणजे स्वस्तातलं घे, असंच ना?" आई.

"मी कुठं म्हणालो तसं?
बिनझेंड्याच्या बोटीला
कुठलंही बंदर आत घेत नाही."
आणि सूप गरम करायला गेले.

रात्री मी एकटीनं पुन्हा मांडलं.
कर्ज फेडायला दहा वर्षं, महिन्याला अकराशे.
तोच आकडा,
फक्त उलट दिशेनं वाहणारा.
नोकरी लागेलही उत्तम,
पण ती मी निवडणार नाही, कर्ज निवडेल.
मला निर्वासितांच्या छावण्यांत काम करायचं होतं;
कर्जाला छावण्या आवडत नाहीत.

तरी खोटं कशाला बोलू,
मला तो शिक्का हवा होता.
थँक्सगिव्हिंगच्या जेवणात काकूनं विचारल्यावर
पुढे काही समजावून सांगावं लागत नाही
असं एक नाव हवं होतं, शब्दभर.
दार उघडण्याआधीच
आत कुणीतरी उठून उभं राहावं, असं.

पंधरा तारखेला, टॅक्सच्या शेवटच्या दिवशी,
घरात लोकांची रांग असताना
मी जिन्यात बसून मिनियापोलिसला होकार कळवला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
आतून आईनं विचारलं, "स्टेपलर पाहिलास का कुठं?"

जाड कागद तिनं टाकला नाही.
मागची बाजू कोरी होती.
सिर्का लेहटोच्या मधमाश्यांच्या धंद्याचा हिशेब
आता त्यावर आहे:
चौदा पेट्या, एक आजारी पिकअप, साखर.
बेरीज खाली उतरत जाते,
आणि शिक्क्याच्या खोलगट वर्तुळाशी आली
की पेन्सिल जराशी अडखळते.